होडीवर न्यायचं सोल्डरिंग आयर्न

"स्टेशन घे गो, कार्मिनबाय, स्टेशन! टेबलार ठेवचा, प्लग लावचो, पंख्याखाली बसान काम करूचा. राणयेसारख्या!"

"घेवचंय नाय!"

"अगो, पण..."

"पण नाय नि बिण नाय! राणी मी आसंयच. माका पेनासारख्या व्हया, खिशात जाणारा. होडयेर नेवक!"

"होडयेर? ह्या वयात?"

"दाजी, तुज्या होडयेचा वय काय आसा? आधी तिका घराक बसय, मगे माज्याकडे ये!"

टेबलावरच्या फोनमधून, थेट वास्कोहून, माझा मुलगा आग्नेल ओरडला, "मम्मा, दाजी बरोबर सांगता!"

"तू मध्ये बोला नको. तुजी बायल काय सांगता ता ऐक नि फोन ठेव!"

तर असं हे भांडण. सोल्डरिंग आयर्न कुठलं घ्यायचं, एवढ्यावरून! ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. तापलेल्या टोकाने कथील वितळवायचं आणि वायरीला वायर जोडायची, त्याचं हे हत्यार. त्या जोडाला आम्ही डाख म्हणतो. स्टेशन म्हणजे त्याचाच मोठा अवतार: टेबलावर डबा, डब्यावर उष्णता कमीजास्त करायचं बटण, आणि डब्याची वायर भिंतीत. म्हणजे डबा भिंतीला बांधलेला, आयर्न डब्याला बांधलेलं, आणि आयर्नला बांधलेली मी! हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. त्यांना वाटत होतं, मला कळलेलं नाही.

माझं दुरुस्तीचं दुकान मालवणच्या अंगाला एका छोट्या बंदराला लागून आहे. दुकानाच्या पडवीत बाकडं आहे आणि त्या बाकड्यावर आमची कंपनी बसते. दाजी तांडेल, होडीमालक, आवाज मोटरसारखा. पेडणेकर सर, शाळेतून रिटायर झालेले, शिकवण्यातून झालेले नाहीत. आणि पारू, मासे विकते आणि मत फुकट देते. अशी माणसं एका बाकड्यावर बसली की गजाली, म्हणजे गप्पा, साठतातच. माझ्या टेबलाखाली कथलाचे थेंब साठतात, तशा. मुद्दाम कोणी टाकत नाही, पण झाडायला गेलं की मूठभर निघतात. ह्या आयर्नच्या गजाली झाडून काढल्या, तर एवढ्या निघाल्या.

आणि हो, मला हे काम कोणी शिकवलेलं नाही. माझा घोव पास्कू जहाजावर होता. त्याने आणलेला टेपरेकॉर्डर बंद पडला, तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "ठेवून जावा." मी म्हटलं, उघडून दाखव. तो म्हणाला, "बायकांनी बघण्यासारख्या आत काय नसता."

घरी येऊन मी स्वतःच उघडला. बघण्यासारखं खूप होतं!

*

जुनं आयर्न चांगलं जाडजूड होतं. भिंतीत खुपसलं की त्याला वाटेल तेवढं तापायचं. डोकं दाजीसारखं. एकदा तापलं की समोर बोर्ड आहे की बोट, काही बघायचं नाही. नाजूक बोर्डावरची तांब्याची पट्टी सालासारखी उचलून यायची.

आता होडीवर भिंत कुठून आणणार? होडीत जीपीएस असतो, मासळी कुठे आहे ते दाखवणारा फिश फाइंडर असतो. खाऱ्या हवेने त्यांच्या वायरींना हिरवा गंज चढतो. त्या जोडायच्या तर होडीवरच जायला हवं. म्हणून मी बंदरावरच्या लिलावाच्या शेडमधून लांबलचक एक्स्टेन्शन ओढायची.

गेल्या सीझनला दाजीच्या होडीत वाकून मी काम करत होते. काम रंगलं, गजाली रंगल्या, आणि भरती लागल्याचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. पाणी चढलं तशी होडी चढली. होडी चढली तशी वायर ताणत गेली. मी डाख द्यायला आयर्न टेकवलं, एवढ्यात लाटेने होडीला एक धक्का दिला, आणि आयर्न माझ्या हातातून सुटून हवेतून जे गेलं, ते थेट धक्क्यावर! पारूच्या बर्फाच्या टोपलीत पडलं. चर्रर्र!

सगळं बंदर टोपलीत डोकावलं.

दाजी म्हणाला, "चला! सीझनची पयली मासळी. ती पण उलटी, होडयेतसून भायर गेली!"

*

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी धक्क्याच्या पायरीवर घसरले. शेवाळ होतं. मी पडले. ह्यात लपवण्यासारखं काही नाही; शेवाळावरून तरणेताठे खलाशीही पडतात. फरक एवढाच की ते पडले की लोक हसतात, आणि मी पडले की लोक मीटिंग घेतात.

पारू तेव्हा समोरच होती. ती सगळ्यांना सांगत फिरली, "पाय वाकडो, ढोपार फुटला, नि ह्या बायेन हत्याराची पिशवी धरलीहा डोक्यार! पाण्याचो थेंब लागाक नाय दिल्यान!"

तिने ते माझं कौतुक म्हणून सांगितलं. ऐकणाऱ्यांनी पुरावा म्हणून वापरलं.

दवाखान्यात डॉक्टर नवा होता, गोड होता. पायाला हात लावायच्या आधी विचारतो, "आजी, वय काय तुमचं?"

मी सांगितलं.

"अहो, मग ह्या वयात धक्क्यावर काय करत होता?"

"काम."

"ह्या वयात काम?"

"बाबा, पाय मोडल्याची शंका आसा. वय मोडूक नाय. आधी पाय बघ!"

मोडला नव्हता. मुरगळला होता. पण बाकड्यावर तो अजून मोडलेलाच आहे. कुठलंही भांडण निघालं की दाजी डोळ्यानेच माझ्या घोट्याकडे बोट दाखवतो.

*

पावसाळ्यात मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली झाकलेल्या आणि तांडेल रिकामे. रिकामा तांडेल म्हणजे बंदराचा सल्लागार. दाजीने ठरवलं की कार्मिनबायला पोर्टेबलच हवं ना, मग आपणच असं काही पोर्टेबल दाखवू की ती परत नाव काढणार नाही! कुठूनतरी तो गॅसवर चालणारं आयर्न घेऊन आला. सिगारेट लायटरचा गॅस त्याच्या पोटात भरायचा आणि पेटवायचा. वायर नाही, बॅटरी नाही.

"घे! ह्या होडयेर ने, डोंगरार ने, खंय नेवचा थंय ने!"

सर म्हणाले, "दाजी, ह्याच्या बाजूला बारीक भोक आहे बघा. त्यातून गरम हवा बाहेर येते. जरा जपून."

"सर, तुमी शाळेत सांगा. हय मी आसंय."

आम्ही होतो दाजीच्या मांगरात, जाळी ठेवायच्या खोपटात. सगळीकडे नायलॉनची जाळी पसरलेली, दुरुस्तीला काढलेली. दाजीने आयर्न मोठ्या ऐटीत धरलं आणि टोक माझ्याकडे करून भाषण सुरू केलं. टोक माझ्याकडे, म्हणजे बाजूचं भोक कुठे? त्याच्या कमरेपाशी टांगलेल्या जाळ्याकडे!

भाषण संपेपर्यंत जाळ्याला भोक पडलं. बारीक नव्हे. खिडकी! नायलॉन आवाज करत नाही, मुकाट वितळतं. पहिला वास पारूला आला.

दाजी बघतच राहिला. मग पारू पुढे झाली, त्या भोकातून डोकं घालून पलीकडे बघितलं आणि म्हणाली, "बरा झाला हो. आता सुरमयेक येवक-जावक दरवाजो झालो!"

*

शेवटी मीच उठून वास्कोला गेले. आग्नेल म्हणाला, "मम्मा, मी वांगडा येतंय." मी म्हटलं ये, पिशवी धर.

दुकानदार चांगला होता, पण त्याची मान एकाच बाजूला वळायची. प्रश्न मी विचारायचे, उत्तर तो आग्नेलला द्यायचा.

"हे किती वेळात तापतं?" मी.

"सर, हे लगेच तापतं," तो आग्नेलला.

"खाली ठेवल्यावर आपोआप थंड होतं?"

"होतं ना सर. उचललं की परत तापतं."

आग्नेल फोनवर क्रिकेट बघत होता. त्याला ना तापलेलं कळलं, ना थंड झालेलं.

मी म्हटलं, चालू करून द्या. पेनाएवढं आयर्न, पॉवर बँकेवरही चालणारं, त्यावर इवलासा पडदा, पडद्यावर आकडे. मी साडेतीनशे डिग्री लावली. मग माझ्या पिशवीतून होडीच्या बॅटरीची जाड वायर काढली आणि तिच्यावर टेकवलं. हेच बघायचं असतं! हवेत तर सगळीच तापतात. जाड तांबं समोर आलं की ते सगळी उष्णता ओढून घेतं, आणि कमजोर आयर्नचं टोक तिथेच चिकटून बसतं. ह्याचा आकडा थोडा पडला, लगेच परत चढला, कथील पाण्यासारखं पसरलं. मग मी त्याची वायर वाकवून बघितली. कडक वायर असली की काम करताना हात मागे ओढते. ही सुतळीसारखी मऊ होती. पसंत!

एकच गोष्ट पसंत नव्हती. त्याला सुईसारखं टोक लावलं होतं. सुई दिसते छान, पण तिच्या अंगात उष्णता राहत नाही. मी म्हटलं, तिरकं कापलेलं रुंद टोक द्या.

आता मात्र दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. "आंटी, तुमच्यासाठी हे दुसरं मॉडेल बघा ना. लेडीज लोकांना हलकं पडतं. कलर पण आहे."

"लेडीजांनी दिलेलो डाख वेगळो लागता काय, बाबा?"

दुकानात एक म्हातारा मेकॅनिक उभा होता. तो एवढा हसला की त्याचे दात हलले.

तेवढ्यात आग्नेलने क्रिकेट बंद करून स्टेशनचा खोका काउंटरवर ठेवला. मी त्याच्या शेजारी माझं पेन ठेवलं. दुकानदार एकदा खोक्याकडे बघतो, एकदा पेनाकडे.

"सर, नक्की कुठलं पॅक करू?"

आग्नेलच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा शहाणपणाचा शब्द निघाला. म्हणाला, "माका इचारू नको. माका हिच्या वांगडा घराक जावचा आसा."

*

येताना बस इन्सुलीला थांबली. गोव्याकडून येणाऱ्या गाड्या तिथे तपासतात, कोणाच्या पिशवीत बाटल्या आहेत का बघायला. माझ्या पिशवीत होती. सर्किट पुसायच्या स्पिरिटची. दुकानदाराने मोठ्या कॅनमधून साध्या बाटलीत ओतून दिलेली, वर चिठ्ठी नाही, काही नाही.

शिपाई बाटली उजेडात धरून म्हणाला, "आजी, हे काय?"

"आयसोप्रोपिल."

"कुठली कंपनी?"

"कंपनी कसली? ह्या सर्किट पुसूचा!"

त्याने बूच उघडून वास घेतला. त्याचे डोळे मोठे झाले. "वास तर येतोय."

"वास घेवा. पण पिया नको, सर्किटावांगडा आतडी पण पुसान निघतीत!"

मागच्या सीटवरून हसण्याचा आवाज आला. शिपायाने पिशवीत परत हात घातला आणि आयर्न काढलं. पेनासारखी काळी नळी, पुढे धातूचं टोक, मागे वायर. आता तो खरोखरच गंभीर झाला.

"आणि हे कशाला लागतं?"

"तापवक."

"काय तापवायला?"

"कथील."

"कथील?" त्याने दुसऱ्या शिपायाकडे बघितलं. दुसरा शिपाई माझ्याकडे बघत होता. माझं नऊवारी नाही, झगा. गळ्यात क्रूस, पायात रबरी चप्पल, आणि मांडीवर हे सगळं साहित्य. कंडक्टर घड्याळाकडे बघत होता.

मी माझ्या फोनच्या पॉवर बँकेला आयर्न लावायला निघाले. म्हटलं, दाखवतेच! तशी दोघेही एक पाऊल मागे सरकले. "नको, नको! राहू द्या आजी. पण पुढच्या वेळी बाटलीवर नाव लिहून आणा."

"'ही दारू न्हय' असा बाटलयेर लिवन आणला, तर तुमी सोडशात?"

त्याने विचार केला. अगदी प्रामाणिकपणे केला. मग बूच घट्ट लावलं, पिशवीची चेन स्वतःच्या हाताने ओढली आणि म्हणाला, "कंडक्टर, जाऊ दे गाडी!"

*

घरी आल्यावर बाकड्यासमोर उद्घाटन ठेवलं. बसमध्ये दाखवायला निघालेली पॉवर बँक वाटेतल्या फोनबिनात रिकामी झाली होती, म्हणून मी दाजीच्या मोबाइलचा चार्जर घेतला. आयर्न लावलं. पडदा पेटला. आकडे चढले... चढले... आणि दमले. अर्ध्या वाटेत बसूनच राहिले. कथील टेकवलं तर कथील आपलं ताठ!

दाजीला दिवाळी झाली. "फसवल्यान तुका! म्हटलंय होता! पेन तां पेन. आता पत्र लिही तेना!"

मी मग वास्कोच्या दुकानदाराला जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो समोर नव्हता हे त्याचं नशीब. पारूने कानांवर हात ठेवले, पण बोटं उघडी ठेवली.

मला दम लागला, तेव्हा सर शांतपणे उठले. घरी गेले. नातवाच्या लॅपटॉपचा चार्जर घेऊन आले आणि माझ्या आयर्नला लावला. आकडे असे धावत सुटले की मी टोक पटकन बोर्डापासून दूर केलं. कथील लोण्यासारखं वितळलं.

"मोबाइलचा चार्जर ह्याला पुरत नाही, कार्मिनबाई," सर म्हणाले. "भूक मोठी आहे त्याची. जास्त व्होल्ट देणारा लागतो. पॉवर बँकही तशीच बघून घ्या. हे मी तुम्हाला जायच्या आधीच सांगितलं होतं."

सांगितलं होतं. मला आठवत होतं.

सर उभेच राहिले. "मग? सरांचं ऐकायला हवं होतं, असं म्हणणार की नाही?"

मी चार्जर उलटसुलट करून बघितला. "सर, तुमच्या नातवाक चार्जरमधला बरा कळता!"

*

पहिलं खरं काम मिळालं ते पारूचं. तिच्या मासे तोलायच्या डिजिटल काट्यात खारं पाणी गेलं होतं. काट्यावर काही नसतानाही आकडा दिसायचा. गिऱ्हाईक रोज भांडायचं, पारू रोज त्याहून मोठ्याने भांडायची.

मी बाजारातच गेले. उलट्या टोपलीवर बसले, नवी पॉवर बँक मांडीवर, काटा उघडला. आत हिरवा गंज दाट पसरलेला. ब्रशने घासला, स्पिरिटने पुसला, तुटलेल्या जागी डाख दिला. वीज कुठे मागितली नाही, वायर कुठे ओढली नाही. बाहेरून आलेले बर्फातले बांगडे विकले जाताहेत, बाजूला काटा दुरुस्त होतोय! बायका वाकून बघत होत्या. मी काटा बंद करून ठेवला. आकडा शून्य. पारूने बांगडे घातले, बरोबर वजन. गिऱ्हाईक खूश.

पारू मात्र नाही. दुपारी टोपली रिकामी झाल्यावर पडवीत येऊन बसली आणि म्हणाली, "कार्मिनबाय, तू माजी मैत्रीण की त्या गिऱ्हाईकांची?"

*

सीझन जवळ आला. होड्या पाण्यात उतरल्या. मी पिशवी घेऊन धक्क्यावर गेले, तर कोणी फळीच लावेना! धक्क्यावरून होडीत जायला फळी लागते. खलाशी इकडे बघत, तिकडे बघत, जाळी आवरत होते. एकाने खालच्या मानेने सांगितलं, "दाजीन सांगल्यान हा. कार्मिनबायक फळी लावची नाय. मशीन खोलून तिच्या टेबलार नेवची."

म्हणजे मी खिशातलं आयर्न आणलं, आणि ह्यांनी दर्याच माझ्या खिशातून काढून घेतला! आग्नेलचाही फोन आला. "मम्मा, सगळ्यांनी मिळून ठरवला. तुज्या बऱ्यासाठीच." माझ्या बऱ्यासाठी जे ठरतं, ते मी नसतानाच का ठरतं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दाजी स्वतःचा फिश फाइंडर खोलून घेऊन आला, नवरदेवाला आणावं तसा. मी टेबलावर लावला. एकदम झकास चालला! दाजी खूश होऊन घेऊन गेला. होडीत लावला, बंद. परत आणला. माझ्या टेबलावर चालू. परत नेला. होडीत बंद. दाजी धापा टाकायला लागला. धक्का ते दुकान चढण आहे.

"गो, तुज्याकडे चलता, माज्याकडे चलना नाय. ह्येचा तुज्यावर प्रेम आसा काय?"

"मशीन बरी आसा, दाजी. गंज तुज्या होडयेच्या वायरीत आसा. मशीन नाय, होडी आजारी आसा."

"मगे आता?"

"मगे काय! माका फळी लावची नाय ना? होडी टेबलार आण!"

बाकडं हसलं. सरही हसले. पण दाजी हट्टाला पेटला होता. फळी लावली नाही. त्याचा फिश फाइंडर पौर्णिमेपर्यंत तसाच आंधळा राहिला, आणि दाजीच्या मागे इतर होड्याही माझ्यासाठी बंद राहिल्या. मी रोज पिशवी घेऊन धक्क्यावर जायची, बसायची आणि परत यायची. कोणाला वाटलं असेल की मी हवा खायला येते!

*

नारळी पौर्णिमेला आमचं अख्खं बंदर किनाऱ्यावर असतं. दुसऱ्या दिवशी पहाटे होड्या निघायच्या. होड्यांना पताका, फुलं; सकाळी पाद्री येऊन पवित्र पाणी शिंपडून गेलेला, दुपारी नारळाची पूजा. आमच्याकडे त्या दिवशी कोण देवळातला आणि कोण चर्चमधला असं कोणी बघत नाही. ज्याचं पोट दर्यावर, तो तिथे. आग्नेलही वास्कोहून आला होता.

नारळ दर्यात सोडायच्या आधी गाऱ्हाणं होतं. एक जण देवापुढे उभा राहून एकेक मागणं मांडतो आणि प्रत्येक मागण्यावर जमलेली सगळी माणसं एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. एकदा सगळ्यांनी व्हय म्हटलं की ते गावाचं झालं. मागाहून कोणी त्याला नाही म्हणत नाही. गाऱ्हाण्यात मध्ये कोणी बोलत नाही. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातल्याचं तर कोणी ऐकलेलंच नाही.

गाऱ्हाणं दाजीने घातलं. मोटरसारखा आवाज अशा वेळी बरा पडतो.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुजी लेकरां वरसाप्रमाणा तुका नारळ देतत, तो गोड मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वादळवाऱ्यातसून सगळ्यांची राखण कर, जाळी भरान आण म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मीही म्हणाले, मनापासून.

दाजीने एकदा डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि परत मिटले.

"आणि बा देवा म्हाराजा, ही आमची कार्मिनबाय! आमच्या सगळ्यांच्या होडयांची मशिनां हिना बरी केल्यान. आता हिचा वय झाला. होडयेर चढाचा खूळ हिच्या डोक्यातसून काढून टाक, हिका सुबुद्धी दी, नि हिका सुखान घराक बसय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

एवढ्या जोराने कोणी जाळ्यांसाठीही म्हटलं नव्हतं. तांडेल म्हणाले, खलाशी म्हणाले. सर म्हणाले, हात जोडून, शुद्ध उच्चारात. पारू डोळे पुसत म्हणाली. आणि मागे उभ्या असलेल्या आग्नेलचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

दाजीने नारळ उचलला. झालं. गावाचं झालं.

मी पाण्यात दोन पावलं पुढे गेले, झगा भिजला तरी, आणि दाजीच्या शेजारी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "रव. माजा पण गाऱ्हाणा आसा."

दाजीचा हात नारळासकट वरच राहिला.  पण गाऱ्हाणं म्हटलं की हात आपसूक जुळतात, माना आपसूक खाली जातात. सगळ्या बंदराने हात जोडले आणि व्हय म्हणायला तोंड उघडलं.

मी डोळे मिटले आणि दाजीपेक्षा मोठ्याने म्हटलं, "बा देवा म्हाराजा, आता जे जे व्हय म्हणाले, तेंका सगळ्यांका आपापली मशिनां आपणच बरी करूची बुद्धी दी म्हाराजा!"